ट्रेलरच्या कमानीचे बुश: चारही कमान्या बदलण्याआधी हे तपासा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन ॲक्सलचा, आत राहायची सोय असलेला जुना ट्रेलर घेतलात. बॉडी आपल्याकडची, पण खालचा कमानी-ॲक्सलचा संच अमेरिकन धाटणीचा. इंदूरहून मानपूरचा घाट उतरून महेश्वरला जाऊन आल्यापासून वळताना आणि रिव्हर्स घेताना खालून ‘टक्क’ असा आवाज येतो. डाव्या बाजूच्या मागच्या टायरची नक्षी तिरकी झिजली आहे. गॅरेजवाला म्हणतो चारही कमान्या बदला. तर कमान्या बदलायच्या, की नुसते बुश, म्हणजे कमानीच्या टोकांच्या भोकांत बसणाऱ्या नळ्या, बदलून भागेल? बुश इथे खरादवर (लेथवर) करून मिळतील का? आणि ग्रीस किती दिवसांनी द्यायचं?

तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून कमान्या बहुतेक ठीक असाव्यात. पण नुसते बुश बदलूनही भागणार नाही. बुश, त्यातून जाणारा बोल्ट, शॅकलच्या पट्ट्या आणि हँगरचं किंवा इक्वलायझरचं भोक, हे सगळं मिळून एक सांधा होतो. त्यातला बुश सर्वांत स्वस्त, म्हणून लोक तेवढाच बदलतात. मग झिजलेल्या बोल्टावर नवा बुश बसतो आणि पुढच्या सहलीपर्यंत आवाज परत येतो. सांधा बदलायचा तर पूर्ण बदला, आणि दोन्ही बाजूंचा बदला.

आधी रचना डोळ्यासमोर आणा. प्रत्येक बाजूला दोन कमान्या असतात. पुढच्या कमानीचं पुढचं टोक आणि मागच्या कमानीचं पुढचं टोक कुठे बसतं ते नीट बघा. पुढच्या कमानीचं पुढचं टोक थेट चॅसिसला वेल्ड केलेल्या हँगरमध्ये बोल्टने अडकवलेलं असतं. तिचं मागचं टोक दोन शॅकल पट्ट्यांनी मधल्या इक्वलायझरला जोडलेलं असतं. मागच्या कमानीचं पुढचं टोक तशाच शॅकलने इक्वलायझरच्या दुसऱ्या बाजूला, आणि मागचं टोक थेट बोल्टने मागच्या हँगरला. इक्वलायझर म्हणजे मधल्या बोल्टावर झुलणारा तो त्रिकोणी तुकडा. पुढचं चाक खड्ड्यात गेलं की तो झुलतो आणि भार मागच्या चाकाकडे देतो. म्हणजे रस्त्यावर हे सगळे सांधे सतत फिरत असतात. ट्रकच्या कमानीचंही असंच असतं, पण ट्रकवाला पिना आणि बुश दर काही महिन्यांनी बघतो. राहण्याचा ट्रेलर मात्र वर्षातले बरेच महिने अंगणात उभा असतो, त्यामुळे खाली कोणी वाकून बघत नाही.

अशा अमेरिकन संचांमध्ये कारखान्यातून बहुधा नायलॉनचे बुश आणि पाव इंच जाडीच्या शॅकल पट्ट्या येतात. ते स्वस्त पडतं. नायलॉन झिजून आरपार गेला की बोल्ट थेट कमानीच्या डोळ्याच्या, म्हणजे टोकाच्या गोल भोकाच्या, पोलादावर घासतो, आणि पातळ पट्ट्यांची भोकं लांबट होत जातात. तुमचा ‘टक्क’ बहुतेक तिथूनच येतो. वळताना भार एका बाजूने दुसरीकडे जातो, तेव्हा सैल सांधा एका टोकावरून दुसऱ्या टोकावर आदळतो. रिव्हर्सलाही तेच होतं, कारण ओढ उलटी होते.

आता टायर. नक्षी तिरकी, करवतीसारखी एका दिशेने खाल्ली असेल, तर ॲक्सल वाकडा चालतो आहे असं समजा. सैल सांधे हे त्याचं नेहमीचं कारण. पण एकाच ॲक्सलचे दोन्ही टायर आतल्या कडेला झिजले असतील तर दोष बुशचा नाही. तिथे बहुतेक वजन जास्त झालेलं असतं किंवा ॲक्सलची नळी वाकलेली असते. तुमचा एकच टायर, आणि नक्षी तिरकी, म्हणून माझा कौल सांध्याकडे आहे.

खात्री करायला ट्रेलर सपाट फरशीवर सरळ ओढून उभा करा, वळवून नाही, कारण वळवल्यावर चाकं ताणलेल्या अवस्थेत राहतात. ओळंबा घ्या. हिचच्या (गाडीला जोडायच्या सांध्याच्या) बॉलच्या केंद्रातून आणि पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांतून जमिनीवर खुणा करा. बॉलपासून डाव्या टोकापर्यंतचं आणि उजव्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. फरक साधारण ३ मिलिमीटरच्या आत हवा. मग पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा, तेही सारखं हवं. ही मापं काम करण्याआधी घेऊन लिहून ठेवा, काम झाल्यावर पुन्हा घ्या. सांधे नवे झाले आणि फरक तसाच राहिला, तर दोष ॲक्सलमध्ये किंवा हँगरच्या जागेत आहे.

कमानी खराब ठरवायची कसोटी साधी आहे. दोन्ही बाजूंच्या कमान्यांचा बाक सारखा आहे का, एखादं पान तुटलेलं किंवा चिरलेलं आहे का, पानं एकत्र धरणारा मधला बोल्ट सरकून ती एकमेकांवरून घसरली आहेत का, हे बघा. एवढं ठीक असेल आणि डोळा फाटलेला नसेल, तर चार कमान्यांचा खर्च करू नका.

सांधा तपासायला ट्रेलर उचलावा लागेल, आणि याच टप्प्यावर लोक जीव धोक्यात घालतात. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडलेलाच ठेवा, हँडब्रेक लावा, दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. पाण्याची टाकी रिकामी करा, गॅसचा सिलिंडर बंद करा. जॅक चॅसिसच्या मुख्य रेलखाली, हँगरच्या जवळ लावा. ॲक्सलच्या नळीच्या मधोमध जॅक लावून सगळा ट्रेलर उचलला तर नळी वाकते आणि चाकांचा कोन कायमचा बिघडतो. उचलून झाल्यावर रेलखाली वजन पेलणारे स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही, पाच मिनिटांसाठीसुद्धा, खाली जायचं नाही. विटा रचून त्यावर टेकवलेला ट्रेलर मी पाहिला आहे. वीट भाराखाली एकदम फुटते, आधी इशारा देत नाही.

चाकं लोंबकळत असताना छोटी पहार शॅकलच्या पट्टीखाली घालून हळू उचलून बघा. प्रत्येक टोकाला किती ढिलाई आहे ते दिसेल. बोल्टाभोवती काळी किंवा पांढुरकी पूड असेल तर नायलॉन दळला जातो आहे. लालसर भुकटी म्हणजे लोखंड लोखंडावर घासतं आहे. इक्वलायझर एका बाजूला कलला असेल, किंवा तो आणि पट्टी यांच्यात एकीकडे फट आणि दुसरीकडे घासल्याची चमक असेल, तर मधला बुशही गेला. हँगरच्या वेल्डिंगभोवती तारेचा ब्रश मारून, टॉर्च आडवा धरून चीर शोधा. दोन ॲक्सलचा ट्रेलर अरुंद जागेत वळवताना टायर आडवे घासतात आणि तो आडवा जोर हँगरवर येतो. आपल्या जुन्या इंदूरच्या गल्ल्यांत असा ट्रेलर वारंवार मागे-पुढे करून लावावा लागत असेल, तर हँगर बघितल्याशिवाय राहू नका. चीर सापडली तर तिच्यावर नुसतं वेल्डिंग फिरवून घेऊ नका. चीर घासून मोकळी करून, पूर्ण भरून, बाजूला आधाराची पट्टी देणारा जाणकार वेल्डर बघा. वेल्डिंगआधी बॅटरी आणि गाडीला जोडणारा प्लग काढा. वर लाकडी तळ आणि गॅसची नळी आहे हे वेल्डरला आधी सांगा.

आता काढायचं काम. एका वेळी एकच टोक मोकळं करा. सगळं एकदम सोडलंत तर ॲक्सल फिरतो, ब्रेकची तार ताणली जाते आणि पुन्हा जुळवायला दुप्पट वेळ लागतो. चाक काढल्यावर ॲक्सलखाली दुसरा छोटा जॅक लावा, तो उचलायला नाही, फक्त ॲक्सलचं वजन पेलायला. बोल्ट हाताने थोडा हलायला लागला की भार बरोबर जुळला असं समजा.

या बोल्टांच्या डोक्याखाली उभे दाते असतात, ते पट्टीच्या किंवा हँगरच्या भोकात रुतून बसतात. म्हणून डोक्याला पाना लावून बोल्ट फिरवायचा नाही. फिरवलात तर दाते भोक खरवडून मोठं करतात आणि नवा बोल्ट तिथे कधीच घट्ट बसत नाही. डोकं तसंच ठेवून नट सोडा, नटाचं तोंड बोल्टाच्या टोकाशी सपाट येईपर्यंत. मग त्यावर पितळी ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा) धरून हातोड्याने सरळ ठोका. दाते सुटले की नट काढून बोल्ट बाहेर ओढा. गंज असेल तर आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

एक विनंती कळकळीने करतो: कमानीच्या डोळ्याजवळ गॅसची ज्योत नेऊ देऊ नका. ट्रान्सपोर्ट नगरला घाईच्या वेळी पहिला उपाय गॅस कटरच असतो, आणि ट्रकच्या जाड पिनेला तो कधी कधी लागतोही. पण कमानीचं पोलाद पाणी देऊन कडक केलेलं असतं. डोळा लाल केला की ते पाणी उतरतं, आणि ती कमानी पुढे भर रस्त्यात डोळ्याशी तुटू शकते. नायलॉन जाळल्याचा धूरही वाईट. त्यापेक्षा हॅकसॉचं पान बुशमधून घालून त्याला आतून उभा काप द्या, डोळ्याला पान लागू न देता. बुश मिटतो आणि छिन्नीने निघतो. नायलॉनमध्ये आटे पाडायचा मोठा टॅप फिरवून बोल्टासारखा बाहेर ओढला तरी येतो. डोळा आतून बारीक एमरी कापडाने साफ करा आणि वर्निअरने दोन दिशांनी मोजा. लांबट झालेला डोळा निघाला, तर मात्र ती कमानी बदलायची.

काढलेला बोल्ट पुसून नखाने तपासा. नख अडकेल अशी खाच असेल तर तो बोल्ट बाद. पट्टीचं भोक दोन दिशांनी मोजून फरक निघाला तर पट्टीही बाद. नव्या पट्ट्या अर्धा इंच जाडीच्या घ्या, हा खर्च वाया जात नाही. जाड पट्टीचं भोक सहज लांबट होत नाही आणि आडव्या जोरात ती वाकत नाही.

बुश कशाचा, हा खरा प्रश्न. तयार संच मागवता आला, कांस्याचे बुश, ग्रीस जायला आतून भोक असलेले बोल्ट आणि जाड पट्ट्या, तर तोच घ्या. या ट्रेलरांमध्ये बोल्ट सहसा ९/१६ इंचाचा, म्हणजे १४.२९ मिलिमीटरचा असतो. सियागंजच्या बाजारात बोल्ट मागितलात की समोर १४ मिलिमीटरचा येईल आणि तो भोकात सहज जाईलही. तो घेऊ नका. जवळजवळ ०.३ मिलिमीटरची ढिलाई पहिल्याच दिवशी येते, म्हणजे जो दोष काढायला निघालात तो नवा बसवून घेतलात. दुसरी अडचण अशी की दुकानातला साधा बोल्ट कित्येकदा टोकापर्यंत आट्यांचा असतो, आणि ते आटे बुशमध्ये कानशीसारखे चालतात. बुशच्या पूर्ण लांबीत बोल्ट गुळगुळीत हवा, आणि मजबुती मूळ बोल्टाइतकी किंवा जास्त हवी.

खरादवर बुश नक्की होतात. सांवेर रोडला किंवा पोलोग्राउंडला चांगले खरादवाले आहेत, आणि हे काम त्यांच्यासाठी अवघड नाही. पण माल तुम्ही ठरवा. पितळ नको, गनमेटल मागा, तो कांस्याचाच एक प्रकार. चांगल्या गनमेटलमध्ये तांब्याबरोबर कथील असतं, जुन्या प्रमाणात ८८ भाग तांबं, १० कथील, २ जस्त. पितळ पिवळं दिसतं, गनमेटल लालसर. जुना बुश नमुना म्हणून देऊ नका, तो झिजलेला आहे. साफ केलेल्या डोळ्याचं आणि नव्या बोल्टाचं माप द्या. बाहेरून बुश डोळ्यात दाबून बसायला हवा. दाबल्यावर आतलं भोक किंचित आवळतं, म्हणून बसवल्यानंतर रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरवून बोल्टाला साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर मोकळीक ठेवायला सांगा. बोल्ट हाताने फिरला पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. लांबी कमानीच्या रुंदीइतकी. या संचांत रुंदी बहुधा पावणेदोन इंच, म्हणजे ४४.५ मिलिमीटर असते, तरी मोजूनच द्या. नायलॉनच बसवायचा झाला, प्रवास तोंडावर आहे आणि दुसरं काही मिळत नाही म्हणून, तर तो पाणी शोषून फुगतो हे लक्षात ठेवून थोडी जास्त मोकळीक द्या आणि परत आल्यावर उघडून बघा.

बसवताना बुश हातोड्याने तिरका मारू नका. लांब बोल्ट, दोन जाड वॉशर आणि एक सॉकेट घेऊन नट आवळत हळूहळू ओढून घ्या. ग्रीसचे बोल्ट घालण्याआधी दोन गोष्टी बघा. ग्रीस निप्पल कुठल्या बाजूला आलं तर चाक चढवल्यावर गन पोहोचेल, हे आधी ठरवा, कारण दाते एकदा रुतले की बाजू बदलणं त्रासाचं. आणि बोल्टाच्या मधलं ग्रीसचं भोक आडवं, घड्याळात तीन किंवा नऊ वाजतात त्या दिशेला ठेवा. भार वरून-खालून येतो. भोक वर किंवा खाली ठेवलंत तर भार पडल्यावर ते बुशवर दाबून बंद होतं आणि ग्रीस जातच नाही.

नट किती आवळायचा यात बरेच जण चुकतात. या सांध्यात पट्टी फिरती राहायला हवी. नट पट्टीला बोल्टाच्या खांद्यावर टेकवतो, कमानी चेपत नाही. ९/१६ इंचाच्या या बोल्टांना साधारण ३० ते ५० फूट-पाउंड, म्हणजे ४० ते ६८ न्यूटन-मीटर सांगतात, आणि आवळल्यानंतर सांधा मोकळा फिरायलाच हवा. तुमच्या संचाबरोबर कागद असेल तर त्यातला आकडा धरा. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) प्रत्येक वेळी नवा घ्या. कमानी ॲक्सलला धरणारे यू-बोल्ट वेगळे. ते घट्टच हवेत, आणि चारही आलटून-पालटून थोडे थोडे आवळायचे.

इथे रबरी बुशचंही सांगतो, कारण आपल्याकडे बांधलेल्या काही ट्रेलरांना पिकअपच्या कमान्या लावलेल्या असतात आणि त्यांचे बुश रबराचे असतात. त्यांचा नियम बरोबर उलटा आहे. रबरी बुश घासत फिरत नाही, तो आतल्या आत पिळला जातो. म्हणून त्याचा बोल्ट पूर्ण आवळायचा, पण ट्रेलर चाकांवर उभा असताना, नेहमीच्या वजनाखाली. चाकं लोंबकळत असताना आवळलात तर ट्रेलर खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. त्याला ग्रीस नाही, साधं ग्रीस रबर फुगवतं. बसवताना साबणाचं पाणी पुरतं. खाली कमान्याच नसतील आणि चौकोनी नळीतला रबराचा टॉर्शन ॲक्सल असेल, तर यातलं काहीच लागू नाही.

ग्रीसचं उत्तर. माझा हिशोब दर ५,००० किलोमीटरला, आणि ट्रेलर कमी फिरत असला तरी वर्षातून दोनदा: जूनच्या पावसाआधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा. माळव्याची काळी माती पावसात सांध्यात शिरते, आणि वाळली की ग्रीसमध्ये मिसळून तीच बुश खाते. दसऱ्याचा हात ती माती बाहेर काढण्यासाठी असतो. लिथियमचं, शक्य तर लिथियम कॉम्प्लेक्स, दोन नंबरचं ग्रीस वापरा. बोल्टातली वाट बारीक असते, तीन नंबरचं घट्ट ग्रीस थंडीत तिथून नीट जात नाही. गन हाताची घ्या. आणि ग्रीस देताना भार उतरवलेला हवा. हे अर्ध्याहून जास्त लोक करत नाहीत. ट्रेलर उभा असताना गन मारली की ग्रीस मोकळ्या बाजूने बाहेर येतं, आपल्याला समाधान वाटतं, आणि जिथे बोल्ट दाबलेला आहे ती बाजू कोरडीच राहते. चॅसिस उचलून, ॲक्सल किंचित वर-खाली करत, दोन्ही कडांनी स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत मारा. निप्पल आधी फडक्याने पुसा, नाहीतर त्यावरची मातीच आत ढकलली जाते. निप्पल ग्रीस घेतच नसेल तर जोर लावत बसू नका, बोल्ट काढून वाट साफ करा. वर्षातून दोनदा खाली जाणं जमणारच नसेल, तर कांस्याचे बुश घेण्यातही अर्थ नाही. कोरडं कांस्य बोल्टाला खातं.

काम झाल्यावर चाकांचे नट टॉर्क पान्याने आवळा, आणि पहिल्या १६, ४० आणि ८० किलोमीटरला पुन्हा तपासा. यू-बोल्टही पहिल्या फेरीनंतर बघा. पहिली फेरी देवासपर्यंत, सरळ रस्त्याने आणि सावकाश काढा. सिमरोलच्या वळणांवर लगेच नेऊ नका. परत आल्यावर ओळंब्याची मापं पुन्हा घ्या.

तिरका झिजलेला टायर बदलायची घाई करू नका. तो तसाच ठेवून हजारेक किलोमीटर चाला, जर त्याचा धाग्याचा थर अजून दिसत नसेल आणि कुठे फुगवटा नसेल तर. झीज थांबली की नवा घाला, म्हणजे नवा टायर सांध्याच्या परीक्षेत खर्च होणार नाही. धागा दिसत असेल तर मात्र आजच बदला.

एक गोष्ट कमान्यांचा निर्णय घेण्याआधी जरूर करा. सहलीला निघताना भरता तसा ट्रेलर पूर्ण भरा, पाणी आणि सिलिंडरसकट, आणि देवास नाक्याकडच्या एखाद्या धर्मकाट्यावर (गाड्यांच्या वजनकाट्यावर) नेऊन प्रत्येक ॲक्सलचं वजन वेगळं घ्या. ॲक्सलवरच्या पट्टीवर त्याची क्षमता लिहिलेली असते. ३,५०० पाउंडांचा असेल तर ती १,५८८ किलो. वजन त्याच्या वर निघालं, तर सामान कमी केल्याशिवाय नवे बुशही टिकणार नाहीत आणि नव्या कमान्याही दबून सपाट होतील. आत निघालं, तर गॅरेजवाल्याला काट्यावरचं ते वजन आणि कमान्यांच्या बाकाची मापं दाखवा, आणि फक्त सांध्यांचं काम करून घ्या.